जसंच्या तसं

नवीन ॲप आल्यापासून शेवाळ्यांच्या घरात एकही भांडण झालं नव्हतं, आणि त्याचा सगळ्यांत जास्त आनंद केतकीला झाला होता.

भांडणं वैजयंतीबाईंमुळे व्हायची असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्यांच्या बोलण्यावरून व्हायची, हे खरं. केतकीच्या या सासूबाई कऱ्हाडात कुटुंब सल्ला केंद्र चालवायच्या. नगरपालिकेच्या जुन्या शाळेतल्या दोन खोल्यांत बसून त्यांनी निम्म्या तालुक्याचे संसार मार्गी लावले होते, आणि जे लावण्यासारखे नव्हते ते वेळीच मोडून दिले होते. या कामात जिभेला एक धार येते. घरी आल्यावर ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही.

घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं, तेव्हा गावातल्या काही नवरेमंडळींनी सुटकेचा निःश्वास सोडला म्हणतात. तो फार दिवस पुरला नाही.

स्वरयंत्र गेलं तरी बोलायची सवय स्नायूंमधून जात नाही. माणूस काही बोलायला जातो तेव्हा जीभ, जबडा, हनुवटीखालचे स्नायू आपापलं काम करतात, आणि त्यासाठी मेंदूकडून आलेला विजेचा बारीकसा संदेश त्यांच्यातून धावतो. हनुवटीखाली चिकटवलेली एक लवचीक पट्टी हे संदेश टिपते आणि फोनकडे पाठवते. फोन त्यावरून शब्द ओळखतो आणि ते बोलून दाखवतो, किंवा चॅटवर पाठवतो. वैजयंतीबाईंच्या केंद्रातल्या जुन्या भाषणांची रेकॉर्डिंगं होती, त्यामुळे फोनमधून येणारा आवाजही त्यांचाच होता.

अडचण एकच. 'त' आणि 'द' म्हणताना जीभ एकाच जागी टेकते. फरक करतं ते स्वरयंत्र, आणि तेच नसेल तर पट्टीला 'तार' आणि 'दार' सारखेच. 'काय' आणि 'गाय' सारखेच. लांब वाक्यात अशा चुका साचत जातात. म्हणून पुण्यातल्या काही हौशी मुलामुलींनी बनवलेल्या 'बोली' नावाच्या जुन्या ॲपमध्ये एक साधी सोय होती. जीभ टाळूला लावून टक् करायचं आणि एखादा ठरवलेला शब्द म्हणायचा, की त्या शब्दाला जोडलेलं आख्खं वाक्य बाहेर पडायचं. या आज्ञा ज्याने त्याने आपापल्या बनवायच्या. शब्द नीट कळला नाही तर 'बोली' फक्त 'पुन्हा सांगा' म्हणायचं. अंदाज बांधायचं नाही.

वैजयंतीबाईंनी शेकड्यांनी आज्ञा बनवल्या होत्या. टक्-वेळ म्हटलं की, "तुमचं झालं असेल तर आता तिला बोलू द्या." टक्-आई म्हटलं की, "आईला मध्ये आणू नकोस, लग्न तू केलंयस." आणि घरच्यासाठी टक्-मीठ: "केतकी, भाजीत मीठ विसरलीस. नेहमीप्रमाणे."

मग 'बोली' बंद पडलं. बनवणारी मुलंमुली नोकऱ्यांना लागली होती, सर्व्हर चालवायला कुणी उरलं नव्हतं. वैजयंतीबाईंच्या मुलाने, अमेयने, त्यांच्या फोनवर 'सुसंवाद' घालून दिलं. हे मोठ्या कंपनीचं, चकचकीत ॲप होतं. जुन्या आज्ञा त्यात चालत नव्हत्या, पण त्यांची गरजच नाही असं कंपनीचं म्हणणं होतं. 'सुसंवाद' दोन-चार पुसट संदेशांवरून आख्खं वाक्य ओळखायचं. लाखो लोकांच्या बोलण्यावर ते शिकलं होतं, त्यामुळे अशा वयाची बाई अशा वेळी बहुधा काय म्हणेल, हे त्याला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून घरात भाजी कशीही झाली तरी वैजयंतीबाईंच्या आवाजात ऐकू यायचं, "छान झाली आहे हं. किंचित मीठ घालूया का?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा केतकीने चमकून वर पाहिलं होतं. सासूबाई फोनकडे बघत 'नाही, नाही' अशी मान हलवत होत्या. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. फोन म्हणाला, "मनापासून केलं आहेस, हे कळतं." तोवर अमेयने ताट उचललं होतं आणि बोलणं पाण्याच्या टाकीवर गेलं होतं.

असं पुष्कळदा व्हायचं. चुकलेलं वाक्य रद्द करून पुन्हा सांगता यायचं, पण तोवर समोरचा पुढे गेलेला असायचा. टाइप करून पाठवता यायचं, पण टाइप करून भांडता येत नाही. हळूहळू वैजयंतीबाईंनी दुसरा प्रयत्न करणं सोडून दिलं. जेवताना त्या गप्प असायच्या. केतकीला ही शांतता आवडत होती. आपल्याला ती आवडते, याचं तिला अधूनमधून वाईटही वाटायचं, पण फार नाही.

*

प्रणाली नावाची एक मुलगी केंद्रात येत असे. ओगलेवाडीला सासर, नवरा ओंकार गॅरेज चालवायचा. त्याचा हात उठायचा, मग तो रडून माफी मागायचा, मग पुन्हा तेच. वैजयंतीबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, की त्याचा पारा चढलेला दिसला की मला चॅटवर कळव, आणि मी सांगेन तसं कर.

एका दुपारी प्रणालीचा निरोप आला. ती कामावर होती. ओंकारने फोनवर शिव्या दिल्या होत्या, संध्याकाळी घरी ये मग बघतो म्हणाला होता. 'ताई, काय करू?'

वैजयंतीबाई तेव्हा साताऱ्याहून तपासणी करून एसटीने परत येत होत्या. गाडीत उभ्यानेच प्रवास, एक हात वरच्या दांडीला. घामाने पट्टीची एक कड सुटली होती. त्यांनी हनुवटी हलवली: 'आज घरी जाऊ नकोस, माहेरी जा.' 'बोली' असतं तर टक्-माहेर म्हटलं की झालं असतं. 'सुसंवाद'ला 'आज', 'घरी', 'जा' एवढं मिळालं. बाकीचं त्याने जुळवलं. निरोप पाठवताना फोन तो बोलूनही दाखवायचा, पण गाडीच्या गोंगाटात त्यांना तो ऐकू आला नाही.

प्रणालीला निरोप मिळाला: 'आज वेळेवर घरी जा, शांतपणे बोला, सगळं ठीक होईल.'

ती घरी गेली. ओंकारने तिचा हात पिरगाळला आणि मनगटाचं हाड मोडलं.

वैजयंतीबाई तिला दवाखान्यात भेटून आल्या तेव्हा केतकी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती. हवामानाचे अंदाज देणाऱ्या एका कंपनीचे सर्व्हर ती घरून सांभाळायची. सासूबाईंनी फोन तिच्यासमोर धरला. केतकीने तो निरोप वाचला, त्याखाली प्रणालीचं उत्तर वाचलं: 'बरं ताई. तुम्ही म्हणताय तर जाते.'

"हे तुम्ही नाही म्हणालात," केतकी म्हणाली.

वैजयंतीबाईंनी हनुवटीखालची पट्टी ओढून काढली, टेबलावर ठेवली आणि आत निघून गेल्या.

पुढे त्यांनी ती लावलीच नाही. केंद्राला कुलूप लागलं. 'सुसंवाद'च्या कंपनीकडे अमेयने तक्रार केली, तिचं अतिशय गोड उत्तर आलं, की पुढच्या आवृत्तीत सुधारणा होईल.

"तोवर काय?" केतकीने विचारलं. दोघं गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

"तोवर आई टाइप करेल. डॉक्टरही म्हणतात, तिने विश्रांती घ्यावी." अमेय चादर झटकत थांबला. "आणि तुला खरं सांगू? गेले काही महिने घरात यावंसं वाटत होतं मला. मधे उभं राहावं लागत नव्हतं."

केतकीने चिमटे लावले. तिलाही तसंच वाटत होतं. तरी ती म्हणाली, "अमेय, आपण ज्यांच्याबरोबर सुखात होतो, त्या आई नव्हत्याच."

*

जुना फोन कपाटात होता. 'बोली' उघडत नव्हतं, पण त्याने आज्ञा जिथे साठवल्या होत्या ती फाइल जागेवर होती. साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक आज्ञा. आधी तिरकी रेघ आणि शब्द, मग वाक्य. जिथे कुणाचं नाव घालायचं तिथे आकडा.

'सुसंवाद'मध्येही स्वतःच्या आज्ञा घालता येतात, हे केतकीने सेटिंगांच्या तळाशी जाऊन शोधून काढलं. या आज्ञा कंपनीने जाहिराती पाठवणाऱ्या दुकानदारांसाठी ठेवल्या होत्या. त्यांची मांडणी निराळी होती: महिरपी कंस, अवतरणचिन्हं, आकड्याच्या जागी नाव. आणि प्रत्येक आज्ञेपुढे एक खूण होती, 'जसंच्या तसं: नाही'. ती 'हो' केली, की ॲप त्या वाक्याला हात लावत नव्हतं. अंदाज नाही, गोडवा नाही.

शेकडो ओळी हाताने बदलणं वेडेपणाचं होतं. केतकीने तेच केलं जे ती रोज सर्व्हरवर करायची: एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने करायच्या कामांची यादी, लिहिली. जुनी फाइल एकेक ओळ करून वाचायची, शब्द आणि वाक्य वेगळं करायचं, आकडे काढून नावं घालायची, कंस लावायचे, 'नाही'चं 'हो' करायचं आणि नव्या फाइलमध्ये लिहायचं. स्क्रिप्ट एका पानात मावली. चालवली, तर क्षणात संपली.

ती सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या खिडकीशी बसून लसूण सोलत होत्या.

"आई, पट्टी लावा जरा. एक बघायचंय."

त्यांनी मान हलवली. नाही.

"एकदाच. टक्-माहेर म्हणून बघा."

त्यांनी हातातली पाकळी सोलून संपवली. मग हात पुसून त्यांनी पट्टी लावली. फोन त्यांच्या आवाजात म्हणाला, "आज घरी जाऊ नकोस."

वैजयंतीबाईंच्या कपाळावर आठी आली. त्यांनी केतकीच्या लॅपटॉपवर टाइप केलं: 'अर्धंच.'

केतकीने पाहिलं. खरंच अर्धंच होतं. स्क्रिप्ट स्वल्पविरामाला वाक्य तोडत होती, 'माहेरी जा' गळून पडलं होतं. तिने पुढच्या ओळीही तपासल्या. 'त्याच्यावर विश्वास ठेव, असं मी कधीही सांगणार नाही' या वाक्यातलं फक्त 'त्याच्यावर विश्वास ठेव' उरलं होतं.

"बरं झालं, तुम्ही बघितलंत," ती हळू आवाजात म्हणाली.

स्क्रिप्ट दुरुस्त झाली, पण आता एकही आज्ञा न तपासता सोडायची नाही असं दोघींनी ठरवलं. वैजयंतीबाई टक् करायच्या, फोन बोलायचा, केतकी जुन्या ओळीशी पडताळून बघायची. केंद्राच्या आज्ञा झाल्या. मग घरच्या आल्या.

"केतकी, भाजीत मीठ विसरलीस. नेहमीप्रमाणे," फोन म्हणाला.

केतकीने जुनी ओळ पडताळली.

"बरोबर आहे. पुढची," केतकी म्हणाली.

"तुमच्याकडे असं चालत असेल, आमच्याकडे नाही."

"बरोबर. पुढची."

"कॉम्प्युटरमधून डोकं काढ, दूध उतू गेलं."

"बरोबर."

हे सगळं तिने वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. तरी असं एकापाठोपाठ एक ऐकताना कान तापले. एका कळीवर बोट ठेवलं तर या ओळी गेल्या असत्या, आणि स्क्रिप्टमध्ये काही तरी गडबड झाली असं म्हणता आलं असतं. सासूबाईंना पुन्हा बनवायचा कंटाळाच आला असता.

वैजयंतीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढून टाइप केलं: 'घरच्या काढून टाक. केंद्राच्या राहू देत.'

"मी नाही काढणार."

'तुला त्रास होतो.'

"होतो. पण मी तुमची वाक्यं निवडायला लागले, तर माझ्यात आणि त्या ॲपमध्ये फरक काय राहिला? तुम्हाला काढायची तर तुम्ही काढा."

वैजयंतीबाईंनी चष्मा वर केला आणि सुनेकडे नीट पाहिलं. मग त्या यादीत खाली-वर गेल्या. 'तुमच्याकडे असं चालत असेल' ही ओळ त्यांनी पुसली. दुधाची ठेवली. मिठापाशी जरा रेंगाळल्या. 'नेहमीप्रमाणे' तेवढं खोडलं, आणि बाकी ठेवलं.

"मीठ मी खरंच विसरते," केतकी म्हणाली.

सासूबाईंचे खांदे हलले. हसण्याचा आवाज पट्टीला पकडता येत नसे, पण त्या हसत होत्या.

शेवटी केतकीने स्वतःची अशी एक आज्ञा वाढवली. टक्-थेट. त्यानंतर वैजयंतीबाई एकेक अक्षर जुळवतील तेच फोनने बोलायचं. प्रत्येक अक्षराला तिने एक वेगळा शब्द जोडून दिला, म्हणजे 'त' आणि 'द'ची गल्लत होणार नव्हती. हळू चालणार होतं ते. पण जे वाक्य आधी कधी बनवून ठेवलेलं नाही, तेही आता त्यांचंच निघणार होतं.

"हे घरातही चालेल," केतकी म्हणाली. "अमेयला सांगू नका, मी केलंय म्हणून."

*

केंद्र पुन्हा उघडलं त्या दिवशी ओंकार त्याच्या काकांना घेऊन आला. प्रणाली प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिने वैजयंतीबाईंना नमस्कार केला होता, पण जवळ आली नव्हती. फोन बिघडला तर हाताशी असावी म्हणून केतकी दाराशी थांबली.

काका मोकळेपणाने हसत म्हणाले, "ताई, झालं गेलं विसरून जाऊ. तुम्हीच तर तिला सांगितलं होतं, घरी जा, शांतपणे बोला. हल्ली तुमचं बोलणं फार समजुतीचं झालंय."

वैजयंतीबाईंची जीभ टाळूला लागली.

"तुमचं झालं असेल तर आता तिला बोलू द्या," फोन म्हणाला. तोच जुना, खोली भरून टाकणारा आवाज. काकांचं हसू जागच्या जागी राहिलं.

प्रणालीने मान वर केली. वैजयंतीबाई तिच्याकडे वळल्या. त्यांनी टक् केलं आणि मग एकेक अक्षर जुळवायला लागल्या. खोलीत सगळे थांबून राहिले. ओंकारने चुळबुळ केली, काकांनी घड्याळ पाहिलं. वैजयंतीबाईंच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"प्रणाली," फोन अखेर म्हणाला. "तो निरोप माझा नव्हता. पण फोन माझा होता. पाठवल्यावर मी तो वाचला नाही. तुझा हात त्यामुळे मोडला."

प्रणालीचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुम्हीही कंटाळलात मला," ती म्हणाली.

'माझी आई म्हणते' असं काहीतरी ओंकार पुटपुटायला लागल्यावर फोन म्हणाला, "आईला मध्ये आणू नकोस, लग्न तू केलंयस." मग वैजयंतीबाईंनी ठेवणीतली आज्ञा काढली. "आज समझोता होणार नाही. तिने काय करायचं ते ती सांगेल, आणि ती सांगेल तसं होईल."

सगळ्यांनी प्रणालीकडे पाहिलं. तिने प्लास्टरवरून बोट फिरवलं.

"मला पोलिसांत तक्रार द्यायची आहे," ती म्हणाली. "आणि तोवर मी आईकडे राहणार."

काका उठले, खुर्ची जोरात सरकवून. ओंकार बसूनच राहिला. दाराशी उभ्या केतकीला वाटलं, आता प्रणाली ताईंकडे बघेल, बरोबर केलं ना, असं विचारेल. तिने बघितलं नाही. तिने पर्स उचलली आणि बऱ्या हाताने खांद्याला अडकवली.

पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर वैजयंतीबाई गेल्या. केतकी घरी आली आणि स्वयंपाकाला लागली. त्या संध्याकाळी जेवताना शेवाळ्यांच्या घरात भांडण झालं. वरणाच्या फोडणीवरून सुरू झालं आणि अमेय दुपारी आईला पोलीस ठाण्यातून आणायला का आला नाही, इथपर्यंत गेलं. अमेय वैतागून म्हणाला, "झालं सुरू." केतकी त्याला म्हणाली, "बस खाली. त्यांचं वाक्य पुरं झालेलं नाही अजून." आणि तिघंही, फोनवर एकेक अक्षर जुळेपर्यंत, वरणाची वाटी हातात धरून थांबून राहिली.

*

केतकीने ती स्क्रिप्ट सगळ्यांना घेता येईल अशी नेटवर ठेवली. वापरायची कशी ते सोप्या मराठीत लिहिलं, आणि स्वल्पविरामाचा धोका ठळक अक्षरात. 'बोली' वापरणारी माणसं राज्यभर विखुरलेली होती. परभणीच्या एका निवृत्त ड्रायव्हरने आपल्या शिव्या परत मिळाल्याबद्दल आभार मानले. कोल्हापूरच्या एका मास्तरांनी स्क्रिप्ट सुधारून कन्नड वाक्यांसाठी चालेल अशी केली. महिन्याभराने 'सुसंवाद'च्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. 'जसंच्या तसं' ही खूण कंपनी आता पहिल्याच पानावर आणणार होती, आणि अंदाजाने जुळवलेला निरोप बोलणाऱ्याने होकार दिल्याशिवाय जाणार नव्हता. त्यासाठी वैजयंतीबाईंशी बोलता येईल का, असं ती विचारत होती. "येईल," केतकी म्हणाली, "पण वेळ ठेवा, आणि मन घट्ट करून या."

एका रविवारी नांदेडहून एका बाईंचा निरोप आला. केतकीने तो सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बाईंच्या यजमानांचंही स्वरयंत्र काढलेलं होतं. नवीन ॲप आल्यापासून ते बायकोला 'प्रिये' म्हणायला लागले होते. आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. त्यांच्या मुलीने स्क्रिप्ट चालवून दिली, आणि त्या सकाळी अंगणातून हाक आली, 'ए म्हातारे, चहा झाला का?'

"'मी ओट्याला धरून रडत बसले,'" केतकीने शेवटची ओळ वाचली.

वैजयंतीबाईंनी टक् केलं. त्यांची हनुवटी बराच वेळ हलत राहिली.

"तिला लिही," फोन म्हणाला, "रडत काय बसलीस. म्हाताऱ्याला सांग, आज चहा तू कर."